हा डबा आता तुझा

आई गेल्यानंतर पप्पांनी पहिल्यांदा स्वतःहून काही खायला मागितलं ते सप्टेंबरच्या शेवटी. नव्याचा सण, म्हणजे आमचं नवीन वर्ष, आठवड्यावर आला होता. पप्पा खाटेवर बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, "मिल्का, या वर्षी हलवा करता येईल का गं?"

"येईल," मी म्हटलं.

"चिक आहे?"

"चंद्रकलामावशीकडे आहे. आईने एप्रिलात केलेला."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

ही १९७८ सालची गोष्ट. मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून कोळसा तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले होते. सावनेरकडच्या खाणींतून नमुने यायचे. ते दळायचे, वाळवायचे, जाळायचे आणि मागे किती राख उरली ते लिहायचं. आई जुलैत गेली. सुतकाचे, घरात बसायचे सात दिवस संपल्यावर मी कामावर परत गेले आणि माझ्या हातून एकही चूक झाली नाही. सगळे आकडे बरोबर येत होते. मला रडू आलं नव्हतं. ते कधी येईल याची मी काही दिवस वाट पाहिली, मग पाहायची सोडून दिली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव झिराडकर. अलिबागजवळचं ते झिराड गाव पप्पांनीसुद्धा दोनदाच पाहिलं होतं. त्यांची सगळी नोकरी नागपुरात, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही पाचपावलीत कोष्ट्यांच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. पूर्वी शहरात आमच्या लोकांची पाच-सहा घरं होती. कोणी मुंबईला गेलं, कोणी इस्राएलला. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आमच्याकडे कधीच जमले नाहीत. त्यामुळे आमचा धर्म बहुतेक स्वयंपाकघरात चालायचा, आणि तो आई चालवायची.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा लागतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळायचे, चोथा काढून टाकायचा आणि उरलेलं दुधासारखं पाणी न हलवता ठेवून द्यायचं. तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. वरचं पाणी ओतून दिलं की चिक. हा चिक नारळाच्या दुधात साखर घालून शिजवला की हलवा. कोकणात तो सणापुरता ताजा करतात. नागपुरात आईने शेजारच्या चंद्रकलामावशींचं पाहून वेगळी पद्धत धरली. मावशी दर उन्हाळ्यात कुरोड्या, म्हणजे कुरडया करायच्या, त्यालाही हाच चिक लागतो. एप्रिलच्या उन्हात आई त्यांच्या जोडीने आपला गहू भिजवायची, चिक धुतलेल्या धोतरावर वाळवायची आणि ढेकळं फोडून डब्यात भरायची. सप्टेंबरपर्यंत तो टिकायचा.

एकच अडचण होती. कुरोड्यांच्या दिवसांतच आमचा पेसाह येतो. त्या आठ दिवसांत भिजलेल्या, आंबलेल्या गव्हाचा कणही घरात चालत नाही. घरात नको एवढंच नव्हे, तो आपल्या मालकीचाच असता कामा नये. चिक म्हणजे तर तीन दिवस भिजलेला गहूच. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी आई डबा घेऊन शेजारी जायची. मी लहानपणापासून ते पाहिलं होतं.

"चंद्रकला, हा डबा आता तुझा. मी परत मागणार नाही."

"मंग खाऊन टाकीन वं मी."

"खा."

"पोराबारासकट खाईन. मंग रडजो नाही."

आणि आठ दिवस झाले की मावशी दारात हजर. डबा ओट्यावर आपटून म्हणायच्या, "घे बाई तुहा डबा. घरात जागा नाही मले." आई म्हणायची, तुझा आहे, तू देतेस म्हणून घेते. मावशींना हा सगळा प्रकार आमच्यातला एखादा खेळ वाटत असावा. त्या तो दरवर्षी नीट खेळायच्या.

त्या वर्षी मात्र आईने पाट घेऊन, भिंतीला टेकून कसाबसा गहू पिळला. चिक वाळला, डब्यात भरला, आणि पेसाहच्या आदल्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मावशींचे यजमान रुपरावभाऊ रिक्षा घेऊन आले होते. जाताना तेच डबा आपल्या घरी घेऊन गेले. पुढे आई घरी आली, पुन्हा दवाखान्यात गेली, आणि त्या डब्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

नव्याचा सण रविवारी संध्याकाळी लागणार होता. त्या दिवशी सकाळी मावशी डबा घेऊन आल्या. पप्पांनी इतवारीतून नारळ आणून ठेवले होते. आईचं मोठं पातेलं त्यांनीच माळ्यावरून काढून घासलं होतं.

"घे वं मिलू," मावशी म्हणाल्या, "तुह्या मायची अमानत. सांभाळून ठेवली म्या."

त्या लगेच गेल्या, चुलीवर भात होता म्हणून. पप्पा नारळ सोलत होते, ते थांबले.

"अमानत म्हणाल्या," ते म्हणाले.

"हो."

"अमानत म्हणजे ठेवीचा माल. ज्याने ठेवला त्याचाच." पार्सल ऑफिसात त्यांनी तीस वर्षं हेच केलं होतं. "मिल्का, या वर्षी आईने डबा त्यांना दिला होता का? शब्दाने?"

"डबा रुपरावभाऊंनी नेला. आई रिक्षात होती."

"मग नंतर? दवाखान्यात काही बोलली असेल?"

मला माहीत नव्हतं. पप्पांनी नारळ खाली ठेवला. हळूहळू, पत्ता सांगावा तसं सांगितलं. पेसाहात आंबलेला गहू आपल्या मालकीचा राहिला, मग तो कोणाच्याही घरात असो, तर नंतरही तो खाता येत नाही. विकता येत नाही, कोणाला देता येत नाही. नष्ट करावा लागतो. आईचे वडील रेवदंड्याच्या मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, हजान म्हणून प्रार्थना चालवायचे, त्यांच्याकडून आई हे शिकली होती. तिने एक वर्षही चुकवलं नव्हतं.

"तिच्या हातचं एवढंच राहिलंय," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी हात धुतले आणि सदरा घातला.

आम्ही शेजारी गेलो. मावशी दारातच चरख्यावर कांड्या भरत होत्या. आत रुपरावभाऊंचा माग चालू होता. पप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"चंद्रकलाबाई, एक विचारायचं होतं. हा चिक कोणाचा?"

मावशींचा चरखा थांबला. त्यांनी आधी पप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. प्रश्न महत्त्वाचा आहे एवढं त्यांना कळलं. कोणतं उत्तर काय करील ते त्यांना कळण्यासारखं नव्हतं.

"कोणाचा म्हंजे? दिनाबाईचा."

"तिने तुम्हाला देऊन टाकला नव्हता? दरवर्षी देते तसा?"

"नाही भाऊ. या साली कुठं देल्ला? बिचारी रिक्षात बसून राहिली होती."

"दवाखान्यात काही बोलली?"

"बोलली ना. म्हणे चंद्रकला, माह्या डब्याले हात नको लावजो. म्या म्हटलं नाही लावत बाई." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तिचाच हाय भाऊ. साऱ्याच्या सारा तिच्या हातचा. म्या बोट नाही लावलं त्याले."

माग थांबला. आतून रुपरावभाऊ म्हणाले, "भाऊ, डब्याची एवढी चौकशी करून राहिले, पार्सल ऑफिस सुटलं नाही वाटते अजून."

"नाही सुटलं," पप्पा म्हणाले. "बरं आहे, चंद्रकलाबाई. सांभाळलात, उपकार झाले."

घरी येऊन ते खाटेवर बसले. मी डबा उघडला. कशासाठी उघडला हे सांगता येणार नाही. नमुना समोर आला की तो आधी डोळ्यांनी पाहायचा, ही सवय असावी. ढेकळं पांढरी होती, कोरडी, बोटांनी चुरली की करकरत होती. तळाशी कडुलिंबाची पानं होती, वाळलेली, तांबूस.

आई डब्यात लवंगा घालायची. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. कडुलिंबाचा वास धान्याला लागतो, असं ती म्हणायची, आणि मावशींशी त्यावरून तिचे वाद व्हायचे. मी डब्यात हात घालून तळापर्यंत पाहिलं. पुरचुंडी नव्हती. चिकाला लवंगेचा वासही नव्हता.

मी एकटीच परत शेजारी गेले. मावशी भात उतरवत होत्या.

"मावशी, डब्यात कडुलिंब कसा?"

त्यांनी भाताचं भांडं खाली ठेवलं, त्यावर ताटली ठेवली, ताटली सरळ केली.

"तुह्या बापानं पाह्यलं?"

"नाही. मी पाहिलं."

"मंग सांगू नको वं त्याले." त्या जवळ आल्या, आवाज खाली आणला. "श्रावणात छत गळलं. डबा फळीवर होता, झाकण ढिलं. म्या उघडून पाह्यलं तं हिरवी बुरशी. वरून खालपर्यंत. वासच येऊन राहिला होता. दिनाबाईले जाऊन महिनाबी नव्हता झाला. म्या काय करू? मागच्या परसात खड्डा केला अन् पपईच्या बुडाशी पुरला. डबा घासला, उन्हात ठेवला, अन् माह्या कुरोड्यातला चिक उरला होता, तो भरला. एकाच दिवशी तं केलता दोघींनी. एकच गहू, एकच दुकान."

"मग आत्ता पप्पांना असं का सांगितलं?"

"काहून म्हंजे? त्याचं तोंड नाही पाह्यलं तू? त्याले तिच्या हातचं पाहिजे होतं, म्या देल्लं."

मी त्यांना नियम सांगितला. आईचा असेल तर आम्हाला तो खाता येत नाही. तुमचा असेल तर येतो. मावशी ऐकत राहिल्या. मग खाली बसल्या.

"म्हंजे तिचा म्हटलं तं फेकाचा."

"हो."

"अन् माहा म्हटलं तं खायाचा."

"हो."

"तुमचा देव पहिले सांगत नाही वं हे लोकायले," त्या म्हणाल्या. "मंग आता?"

सांगितलं नाही, तर पप्पा मावशींचा चिक आईचा समजून नष्ट करतील. आईने जसं केलं असतं तसंच केलं, एवढं त्यांच्याकडे राहील. सांगितलं, तर त्यांना हलवा मिळेल, पण त्यात आईचं काही नसेल. यातलं कमी वाईट कोणतं ते ठरवायला आत काहीतरी वाटावं लागतं. मला काही वाटत नव्हतं. मी मावशींच्या अंगणातून आमच्या अंगणात आले तेव्हा ठरवलेलं नव्हतं.

पप्पा मोरीपाशी पाटावर बसले होते. समोर आईचं मोठं पातेलं, पाण्याने भरलेलं. डबा रिकामा बाजूला पडला होता. बाही वर करून ते कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळत होते. पाणी पांढरं झालं होतं.

"गाय, चिमण्या, कोणाच्या तोंडी लागायला नको," ते म्हणाले. "पाण्यात विरघळवून मोरीत सोडतो. विरघळेल ना गं?"

"थंड पाण्यात नाही विरघळत. नुसता तरंगतो. हात थांबवला की खाली बसेल."

त्यांनी हात थांबवला. आम्ही दोघं पाहत राहिलो. वरच्या बोटभर पाण्याचा रंग हळूहळू फिका पडू लागला. गहू पिळून झाल्यावर आई नेमकं इथवर यायची आणि पातेल्यावर फडकं टाकून उठायची. पप्पांनी पुन्हा ढवळायला सुरुवात केली. बहुतेक त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. ते ढवळत होते तोवर पाणी पांढरं होतं. थांबले की निवळायला लागायचं.

प्रयोगशाळेत नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी चुकली तर पुढचं सगळं काम बरोबर करूनही उपयोग नसतो. मला फक्त एवढंच सुचलं.

"पप्पा, हा चिक आईचा नाही."

त्यांचा हात चालूच राहिला. "चंद्रकलाबाई तर म्हणाल्या..."

"तुम्हाला तेच ऐकायचंय असं त्यांना वाटलं. आईचा श्रावणात भिजला, बुरशी आली. हा त्यांनी त्यांचा भरला. त्यात त्यांचा कडुलिंब आहे. आईची लवंग नाही."

"पूर्ण त्यांचा?"

"पूर्ण."

"पहिल्यापासून?"

"हो. पेसाहातही त्यांचाच होता."

ते थांबले. हात पाण्यातून काढला आणि गुडघ्यावर ठेवला. लेंगा ओला झाला, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"मग चालेल," ते म्हणाले.

"हो. चालेल."

"आता काय करायचं असतं?"

"काही नाही. बसू द्यायचा. मग वरचं पाणी ओतायचं."

मी कडुलिंबाची पानं वेचून काढली, पातेल्यावर फडकं टाकलं. पप्पांनी उरलेले नारळ सोलले. त्यांच्या हातावरचं पाणी वाळलं तसा कोपरापर्यंत पांढरा थर दिसू लागला आणि त्याला बारीक भेगा पडल्या. दुपारी मी वरचं पाणी ओतून दिलं. तळाला घट्ट, गुळगुळीत चिक बसला होता, कधी वाळलाच नव्हता असा.

नारळाचं दूध काढलं, साखर, चिमूटभर मीठ. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं पांढरं पाणी ढवळत राहावं लागतं. मग एका ठरावीक उष्णतेला ते एकदम घट्ट होतं आणि पांढऱ्याचं काचेसारखं दिसू लागतं. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, याला जिलेटिनायझेशन म्हणतात. मी आईला हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली होती, बरं, ढवळत राहा. मी ढवळत राहिले. कडा सुटल्यावर वेलची, जायफळ घालून ताटात ओतला, वर चारोळी पेरली. थंड झाल्यावर वड्या पाडल्या. चांगल्या पडल्या.

दिवेलागणीला पप्पांनी पांढरी टोपी घातली. काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर प्रार्थना म्हटली, ते प्यायले, मला दिलं. मग सफरचंद, मध. हलव्याच्या ताटाला त्यांनी अजून हात लावला नव्हता, तेवढ्यात मावशी दारात आल्या. दरवर्षी यायच्या तशाच, हातात झाकलेली वाटी घेऊन. त्यांनी ताट पाहिलं. कापलेल्या वड्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"सांगतलं तू," त्या म्हणाल्या.

"हो."

पप्पा उठले. बशीत वड्या घातल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. "चंद्रकलाबाई, तुमच्या चिकाचा आहे. आधी तुम्ही घ्या."

मावशी उभ्या उभ्या एक वडी चावत राहिल्या. गिळायला त्यांना वेळ लागला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

"दिनाही कमीच घालायची."

"म्या तिलेबी हेच सांगतलं होतं."

शेजारी माग बंद होता. मग पप्पांनी विचारलं, "तो कुठे पुरलात तुम्ही?"

"पपईच्या बुडाशी. खोल पुरला भाऊ. कुत्र्यायनं नाही काढला."

"कोणी काही खाल्लं नाही त्यातलं?"

"बुरशीचा कोण खाईल?"

"म्हणजे नष्ट झाला."

"माती झाली असंन आतालोक."

"ठीक झालं," पप्पा म्हणाले. "तसंच करायचं असतं."

ते चपला घालून बाहेर गेले. दोन घरांच्या परसांमध्ये विटांची बसकी भिंत होती, तिथून ते मला दिसत होते. पपईखाली उभे होते. खाली पाहत नव्हते, वरही नाही. झाडाला हिरव्या पपया लागल्या होत्या. मावशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, वाटी अजून हातातच होती.

"बोलावू का वं त्याले?"

"नको. येतील."

ते आले. मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. मग पाटावर बसले, हलव्यावरची प्रार्थना वेगळी म्हणायची की आधीच झाली यावर क्षणभर थांबले, आणि एक वडी उचलून खाल्ली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर काही झालं नाही. त्यांनी दुसरी घेतली.

मग मीही खाल्ली. चव दरवर्षीसारखीच होती. कडुलिंबाचा वास येतो का ते मी शोधलं. येत नव्हता. लवंगेचाही नव्हता.